चोविसाव्या सुगीचा फोटो

मुळशीला जातोय म्हटल्यावर आमच्या मिरजेतल्या गल्लीत पहिला प्रश्न आला तो, तिथं बघण्यासारखं आहे काय, हा. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. माझा शाळासोबती वसंता रिहे गावी ग्रामसेवक होता आणि लागोपाठ चार पत्रांत त्याने एकच लिहिलं होतं, एकदा ये आणि इथला आंबेमोहर खाऊन जा. शिवाय मी नुकताच एक जुना खोका कॅमेरा विकत घेतला होता. नव्या कॅमेरेवाल्याला घरात बसवत नाही. घरातली माणसं, शेजारचा बंब, तुळशीवृंदावन सगळं टिपून झालं होतं आणि बायकोने आता स्वयंपाकघरात कॅमेरा आणायला बंदी घातली होती. दिवाळी झाली, कचेरीत रजेचा अर्ज टाकला आणि निघालो.

परत आल्यावर हे लिहायचं की नाही याचा बरेच दिवस घोळ घातला. डोंगर, भात, खेकडे एवढंच लिहून मोकळा झालो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण तो फोटो मी काढला होता, म्हणून लिहितो.

रिहे

पुण्याहून एसटीने गेलो एवढंच सांगतो. बसमधल्या कोंबड्यांचा आणि माझा वाद इथे नको. सूसची खिंड मागे पडली की वारा गार लागतो आणि माझ्यासारखा सपाट मुलखातला माणूस उगीचच मान वर करून बसतो. आमच्याकडे डोंगर म्हणजे लांब कुठेतरी निळसर रेघ. इथे तो परसदारी येऊन बसलेला असतो. रिह्याचं खोरं तिन्ही अंगांनी डोंगरांनी धरलेलं आहे आणि तळाशी भातखाचरं. कापणी उरकत आली होती, खळ्याखळ्यावर झोडणी चालू होती आणि सगळ्या गावाला ओल्या पेंढ्याचा वास येत होता.

वसंताच्या घरमालकिणीने पहिल्याच जेवणाला खेकड्यांचा रस्सा केला. सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची आणि भात म्हणजे सणाला किंवा आजाऱ्याला. इथे उलटं. मी खेकड्याची नांगी दाताने फोडायला गेलो आणि दाढेचा तुकडा पडला. घरमालकीण हसून म्हणाली, "पावनं, ती वरवंट्यानं फोडायची आस्ती." त्या दाढेवर अजून जीभ जाते.

दोन दिवसांत बारापैकी अकरा फोटो संपले. मी खेड्याचे सहज टिपलेले फोटो काढणार होतो, पण सहज राहायला कुणी तयारच होईना. कॅमेरा दिसला की झोडणारा माणूस पेंढी खाली ठेवून, टोपी नीट करून, शाळेच्या कवायतीसारखा उभा राही. एकाने तर घरातून ट्रान्झिस्टर आणून खांद्याला अडकवला आणि मग म्हणाला, "आता काडा."

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. ज्या घरांत गेलो तिथे भिंतीवर फोटो होते ते सगळे हार घातलेले. जिवंत माणसाचा एकही नाही. वसंताला विचारलं तर म्हणाला, "अरे, जिवंतपणी फोटो काढायचं इथे कारणच पडत नाही. मुंबईला कामाला गेलेले हौसेने काढतात. तो पेटीत पडून राहतो आणि माणूस गेला की भिंतीवर चढतो."

"आणि जो मुंबईला गेलाच नाही त्याचं काय?"

"त्याचं काय, काहीच नाही," वसंता म्हणाला.

वरची वाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. ओट्याखाली एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, हिरवं लुगडं, पायाला दवाने भिजलेली माती. वसंताने ओळख करून दिली. या हौसाबाई, तासाभराच्या चढावर जी वाडी आहे तिथल्या. घरची भाताची खाचरं, एक विधवा सून, तीन वर्षांची नात आणि धाकटा मुलगा कोंडिबा. थोरला बबन तीन वर्षांपूर्वी तापात गेला होता. पौडच्या दवाखान्यात नेताना वाटेतच, डोलीत.

"तुमी फोटु काडता म्हनं," हौसाबाई म्हणाल्या.

"हो."

"माज्या थोरल्याचा काडायचा हाय."

मी वसंताकडे पाहिलं. तो कपात पाहत होता. बाईंनी पदराची गाठ सोडून चांदीचा एक पातळ पत्रा माझ्या हातावर ठेवला. देव्हाऱ्यातला टाक होता तो. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. गेलेल्या पुरुषाचा असा टाक करून देवात ठेवायची चाल आमच्याकडेही आहे. माझ्या आजोबांचा, पणजोबांचा टाक घरी आहे आणि त्यातले आजोबा कोण नि पणजोबा कोण हे आम्हांला कुणालाच सांगता येत नाही. त्याची कधी गरजही पडली नव्हती.

"ह्यो बबन," हौसाबाई म्हणाल्या. "पर ह्यात त्वांड न्हाई. आन मी त्येचं त्वांड इसराय लागले. आदी झोपताना डोळ्याम्होरं यायचं. आता नाक येतंय तर डोळं येत न्हाईत."

मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की कॅमेऱ्यासमोर जे असेल तेच कॅमेरा घेतो.

"मंग म्होरं बशिवते की. कोंडिबा हाय न्हवं. दोगं यका साच्यातलं. बबन गेला तवा त्येच्या चोवीस सुग्या झालत्या. औंदा कोंडिबाची चोविसावी सुगी हाय. औंदाच त्यो बबनएवडा हाय. फुडल्या साली त्यो त्येच्या म्होरं जाईल आन मंग ऱ्हायलं."

बाईंच्या बोलण्यात रडणं नव्हतं, काही नव्हतं. खळ्यावरचं काम पावसाआधी उरकायचं असतं तसा त्यांनी हिशेब मांडला होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण वसंता म्हणाला, शहरातले चित्रकार मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे रंगाने उघडून देतात, त्यापेक्षा हे काय वाईट? शिवाय, कबूल करतो, गावात आल्यापासून फोटोवाले म्हणून जो मान मिळत होता तो मला गोड लागला होता. आम्ही निघालो.

चढावर धुकं अजून विरलेलं नव्हतं. डोक्यावरून विजेच्या उंच मनोऱ्यांच्या तारा गेल्या होत्या. धुक्यात मनोरे दिसत नव्हते, नुसता तारांचा गुणगुणण्यासारखा आवाज वरून येत होता, थांबत नव्हता. वीज मुंबईला चालली होती. वाडीत अजून चिमणीच होती. "पावसाळ्यात लई वाजत्यात," हौसाबाई मागे न बघता म्हणाल्या. "पोरं म्हनत्यात वर मानसं बोलत्यात."

कोंडिबा खळ्यावर होता. उंच, सावळा, हसरा, दाट मिशा. तो मला पाहून लगेच पुढे आला, कॅमेऱ्याच्या काचेत डोकावला, मी आहे का यात म्हणून. आई काय करणार आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याने हात धुतले आणि मुकाट्याने ओट्यावर बसला.

आतून बबनच्या लग्नातला कोट आणि फेटा आला. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता. कोट बेतल्यासारखा बसला, बाहीदेखील बरोबर मनगटावर आली. मग हौसाबाईंनी काजळाची डबी घेतली. बबनच्या भुवईवर लहानपणी विळा लागल्याची खूण होती. त्यांनी बोट डाव्या भुवईकडे नेलं.

दारातून सून म्हणाली, "आत्याबाई, उजव्या."

अनसा तिचं नाव. तोवर ती दिसलीच नव्हती.

"डाव्या गं. मी न्हाऊ घालायचे त्येला."

"उजव्या," अनसा म्हणाली. "मला ठावं हाय."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं भांडतील. पण दोघींच्या चेहऱ्यावर भीती होती. कोंडिबाला विचारलं तर तो म्हणाला, "मला न्हाई याद." सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला. शेवटी हौसाबाईंनी सुनेचं ऐकलं आणि उजव्या भुवईवर काजळाची बारीक रेघ ओढली.

फेट्याचा शेमला खांद्यावर नीट पडत नव्हता. मी म्हणालो, जरा सरळ करा. अनसा पुढे आली आणि सवयीच्या हाताने तिने तो सरळ केला, वरून एकदा थोपटला. मग तिने हात असा मागे घेतला, जणू तो चुलीतल्या निखाऱ्यावर पडला होता. पदर कपाळापर्यंत ओढून ती पाठमोरी उभी राहिली. दिरासमोर ती मघापर्यंत उघड्या डोक्याने उभी होती.

छोटी शेवंता आईच्या लुगड्याला धरून हे सगळं बघत होती. बाप गेल्यावर दोन महिन्यांनी झालेलं पोर ते.

मी कॅमेऱ्यात पाहिलं. कोंडिबा खाली बघत होता. "वर बघा," मी म्हणालो. त्याने पाहिलं नाही. "कोंडिबा, वर बघा." तरी नाही. तेवढ्यात माझ्या मागून हौसाबाई म्हणाल्या, "बबन, हिकडं बग."

त्याने वर पाहिलं. मी कळ दाबली.

रोल संपला. कोंडिबाने लगेच फेटा उतरवला, काजळ मनगटाने पुसलं आणि पहिल्यासारखा हसत माझ्याकडे आला. "फोटोवाले, आता माजा काडा."

मी सांगितलं की रोल संपला, बारावाच होता. त्याचा चेहरा एवढासा झाला. त्याचा आयुष्यात एकही फोटो निघाला नव्हता. मी वचन दिलं, उन्हाळ्यात येतो, पहिला फोटो तुझा.

"माजा काडाल तवा मी डोक्याला काय बांदणार न्हाई," तो म्हणाला. "उगड्या डोक्यानं काडा. म्हंजी वळकू यील."

पुणे

रोल पुण्यात एका ओळखीच्या स्टुडिओत धुवायला दिला. मालक उदार होता, त्याने मला अंधाऱ्या खोलीत उभं राहू दिलं. लाल दिव्याखाली तसराळ्यातल्या पाण्यात एकेक कागद काळा होत गेला. ट्रान्झिस्टरवाला आला, झोडणीवाले आले. शेवटच्या कागदावर आधी फेटा आला, मग मिशा, आणि बऱ्याच वेळाने डोळे.

मालक वाकून बघत राहिला. "हे गेलेत का?"

"का हो?"

"रोज बघतो मी. जिवंत माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. हा कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी बघतोय."

मी भिंग मागून घेऊन भुवई पाहिली. काजळाची रेघ आलीच नव्हती. फेट्याच्या सावलीत ती बुडाली होती. मी फोटो मोठा करून घेतला, लाकडी चौकटीत बसवला आणि पुण्यात कामाला आलेल्या वसंताच्या हातात दिला. महिन्याने त्याचं पत्र आलं. बाई फार खूश आहेत, लिहिलं होतं. भुवईवरची खूण फार छान आली आहे म्हणतात. सून म्हणते उजवीकडे आली आहे आणि सासू म्हणते डावीकडे. मला कुठेच दिसत नाही.

पुन्हा रिहे

उन्हाळ्यात रजा मिळायला वैशाख उजाडला. नवा कोरा रोल घेऊन गेलो. खाचरं राबासाठी भाजून काळी झाली होती आणि डोंगर गवत वाळून तांबूस पडले होते. वसंताने करवंदं पुढे ठेवली आणि म्हणाला, "कोंडिबा नाहीये."

"मुंबईला गेला?"

"कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. आज आठ दिवस झाले."

वाडीत चढून गेलो. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, तारा तशाच वाजत होत्या. हौसाबाई शेजारच्या वाडीत चौकशीला गेल्या होत्या. पडवीत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर तो दिसला. चाफ्याचा ताजा हार, कपाळी गंध. मी मारे फोटोवाला, पण मला त्याच्याखाली बसवेना. मी उंबऱ्याशी बसलो.

अनसाने तांब्या ठेवला आणि दाराआडून सांगितलं. फोटो आला तेव्हा सगळी वाडी बघायला आली. कोंडिबाही सगळ्यांत मिसळून हसत होता. मग फोटोवर हार चढला. हौसाबाई रोज सकाळी गंध लावून फोटोशी बोलायला लागल्या, जेवणाचा पहिला घास तिथे ठेवायला लागल्या. वाडीतली माणसं तिन्हीसांजेला कोंडिबा समोर आला की दचकायची. कुणी हसण्यावारी न्यायचं, कुणी वाट सोडायचं.

"मला बी त्येंच्याम्होरं जाववंना," अनसा म्हणाली. "भाकरी वाडायची तर ताट दारातनंच सरकवायचे. दोष न्हाई त्येंचा. पर कुनाला वाडतीया त्येच कळंना."

माघात मुलगी सांगून आली. पौडच्या पलीकडची माणसं कोंडिबाला बघायला आली. पडवीत बसली, पाणी घेतलं, वर भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात कोंडिबा आतून पोह्यांच्या बशा घेऊन आला. मुलीच्या मामाने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. समजावून सांगितलं सगळ्यांनी. ती माणसं म्हणाली, व्हय व्हय, समजलं. पोह्यांना हात न लावता उठून गेली. पुन्हा निरोप नाही. तेव्हापासून कोंडिबा गोठ्यात झोपायला लागला.

"आन मंग त्या दिशी," अनसा थांबली. "त्यो रानातनं आला. आत्याबाई चुलीशी व्हत्या. मागं न बगताच म्हनल्या, बबन, हात धू, जेवून घे. त्यो जेवला. ताट घासून ठिवलं. आन ग्येला."

शेवंता माझ्या पिशवीतला कॅमेरा चाचपत होती. मी तिला विचारलं, काका कुठे गेला गं? तिने पडवीतल्या भिंतीकडे बोट केलं.

मी इतका वेळ स्वतःला सांगत होतो की माझं काम कळ दाबण्याचं. ते खोटं होतं. टाकाला तोंड नसतं म्हणून माझे आजोबा आणि पणजोबा देव्हाऱ्यात भांडण न करता शेजारी बसतात, आणि घरातल्या जिवंत माणसाची जागा त्यांना लागत नाही. मी एका माणसाचं तोंड काढून दुसऱ्याला दिलं होतं. मला फार शरम वाटली.

हौसाबाई दुपारी आल्या. मला पाहून त्या ना रागावल्या ना रडल्या. "तुमी आलासा, बरं झालं," म्हणाल्या. "ग्रामसेवक सायेब म्हनत्यात पौडाला पोलिसात सांगा. पोलीस फोटु मागत्यात. चला संगं."

त्यांनी स्टूल घेतलं, हार काढून देव्हाऱ्यात ठेवला, काच पदराने पुसली आणि चौकट लुगड्याच्या धडप्यात बांधली. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन राहिला.

पौड

हवालदार वयस्कर होते, बोलायला बरे. त्यांनी बाईंना बाकावर बसवलं, पाणी दिलं, नाव-गाव, उंची, अंगावरचे कपडे लिहून घेतले. मग धडपं सोडून चौकट उजेडात धरली. काच पुसली होती तरी कपाळाच्या जागी गंधाचा गोल डाग राहिला होता आणि वरच्या खिळ्याला चाफ्याची एक सुकी पाकळी अडकली होती.

"बाई, ह्यो मयताचा फोटो आणलाय तुमी. हरवल्याल्या पोराचा पायजे."

"त्योच हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"त्योच म्हंजी? कोंडिबा का आजून कोन?"

बाई चौकटीकडेच बघत होत्या. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, फोटो मी काढलाय. समोर कोंडिबा बसला होता. कोट आणि फेटा तेवढा त्याच्या भावाचा, तो तीन वर्षांपूर्वी वारला. माझ्या तोंडून हे निघताना हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. कुणीतरी नुकतंच गेल्याचं सांगावं तसं त्यांनी ते ऐकलं.

"मंग झालं की," हवालदार म्हणाले. "ह्यो कोंडिबाच. फोटो चौकटीतनं काढावा लागंल, बाई. कागदांबरोबर जिल्ह्याला जाईल. माघारी मिळंल आसं मी सांगत न्हाई."

मी म्हणालो, माझ्याकडे निगेटिव्ह आहे, मी दुसरी प्रत काढून देईन. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. हौसाबाईंनी चौकट मांडीवर घेतली. बराच वेळ त्या हातानेच काच चाचपत होत्या, भुवईपाशी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्यांनी चौकट उलटी केली, मागचे बारके खिळे नखाने वाकवले, पुठ्ठा काढला आणि फोटो हवालदारांच्या पुढ्यात ठेवला.

हवालदारांनी तो पालथा करून मागे नाव लिहायला घेतलं.

"दोगांची बी नावं लिवा," हौसाबाई म्हणाल्या.

"आवो बाई, दोगांची कशी लिवू? येक तर वारलाय न्हवं?"

"लिवा तुमी," त्या म्हणाल्या. "ज्यो घावंल त्यो घरला आना."